जीपमधले सात हिस्से

आमच्या घरामागे, गोठ्याला लागून, एक पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये सत्तावीस वर्षं एक जीप उभी होती. तिच्या बॉनेटवर कोंबड्या अंडी घालत, मागच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असत आणि पावसाळ्यात अम्मी तिच्या स्टिअरिंगवर ओली पोती वाळत घालायची. अब्बांना कुणी विचारलं, "ही भंगारात का घालत नाही?" तर ते एवढंच म्हणत, "ती दादांची आहे."

२०१८च्या ऑगस्टमध्ये अब्बा अल्लाहच्या रहमतीत गेले. त्यानंतर त्या जीपचं काय झालं आणि तिने आम्हा दोघा भावांना काय शिकवलं, ते इथे लिहीत आहोत. आमच्यापैकी मोठा शाळेत शिक्षक आहे, धाकट्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लिहिणारा हात एकाचा असला तरी मजकूर दोघांचा आहे, कारण चूकही दोघांची होती.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कराडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर. आमचे दादा दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते. बर्माच्या आघाडीवर त्यांनी ट्रक चालवले, जीप चालवल्या. युद्ध संपल्यावर परत आले आणि पुढे कोयना धरणाचं काम सुरू झालं तेव्हा एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागले. त्या ठेकेदाराने फौजेच्या लिलावातून घेतलेली एक जीप होती. १९६२ साली ती मोडीत काढायची असं त्याने ठरवलं, तेव्हा दादांनी आपल्या पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर पंधराशे रुपयांना ती घेतली. तिला निळा रंग दिला आणि पाटण, कोयनानगर, कधी कराड असा वडापचा धंदा सुरू केला.

त्या जीपची एक गोष्ट आमच्या घरात दर रमजानमध्ये सांगितली जाते. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. रमजान चालू होता. साडेचारच्या सुमारास दादी सेहरीच्या भाकरी थापत होती आणि दादा वजू करून ओसरीत आले होते, तेवढ्यात जमीन हलली. कोयनेचा तो भूकंप. पाटण भागातली घरं पडली, कोयनानगर तर बरंचसं जमीनदोस्त झालं. शंभराहून अधिक माणसं दगावली. आमच्या घराची एक भिंत कोसळली, पण घरातले सगळे सेहरीसाठी जागे होते म्हणून बाहेर पडू शकले. दादांनी जीप काढली. दादीने भाजलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून जीपमध्ये टाकल्या आणि म्हणाली, "लहान पोरं असतील, त्यांना द्या." दिवस मावळेपर्यंत दादा जखमींना कराडच्या दवाखान्यात पोचवत होते. कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण धरणावरचा परप्रांतीय मजूर, हे कुणी विचारलं नाही. इफ्तारची वेळ झाली तेव्हा एका मराठा घरातल्या म्हाताऱ्या बाईने त्यांना गूळ आणि पाणी दिलं. त्यावर त्यांनी रोजा सोडला.

दादांना अब्बा हे एकच अपत्य. दादांनंतर जीप अब्बांकडे आली. पेट्रोल परवडेना म्हणून १९८३ साली अब्बांनी मूळ इंजिन उतरवलं आणि डिझेल इंजिन बसवलं. त्या काळात अनेक जुन्या जीपचं असंच झालं. पण उतरवलेलं इंजिन त्यांनी विकलं नाही. ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. १९९१ साली वडाप बंद केलं आणि जीपही त्याच शेडमध्ये लावली.

अब्बा गेल्यावर काही महिन्यांनी पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या फौजी गाड्या गोळा करायचा त्यांना छंद. त्यांनी शेडमध्ये बॅटरी मारून पाहिलं, गाडीखाली आडवे झाले, एका बोल्टवरची माती नखाने खरवडली आणि आम्हाला बोलावलं. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' अक्षर होतं. ते म्हणाले, "ही विलीज नाही, फोर्ड आहे."

आम्ही जन्मभर तिला विलीज म्हणत होतो. तेव्हा कळलं की युद्धाच्या वर्षांत, म्हणजे १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्यावर मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. दिसायला जुळ्या बहिणी. पण फोर्डने आपल्या लहानसहान भागांवर, अगदी बोल्टांवरही, 'एफ' उमटवला. चेसिसचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये चौकोनी घाटाचा. विलीजचा नंबर पट्टीवर असतो, फोर्डचा थेट चेसिसवर ठोकलेला. आम्ही तारेच्या ब्रशने गंज काढला तेव्हा नंबर दिसला. तो अब्बांच्या पेटीतल्या आरसी बुकाशी जुळला. आणि गोणपाटातल्या इंजिनाचा नंबरही त्याच बुकात होता.

त्या गृहस्थांनी आहे त्या स्थितीत चार लाख रुपये देऊ केले. आम्ही एका रात्रीचा वेळ मागितला आणि सकाळी नाही म्हणालो. ठरवलं, ही जीप आपणच पुन्हा चालती करायची.

छंद म्हणजे काय हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. कराडला एक बुजुर्ग मिस्त्री चाचा आहेत. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटांनी नट ओळखतात. त्यांनी पहिल्या दिवशी हातात पाना दिलाच नाही. म्हणाले, "आधी फोटो काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो ते. मग खोला. खोललेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घाला आणि पिशवीवर नाव लिहा. गाडी खोलायला आठ दिवस लागतात, जोडायला वर्ष लागतं, आणि ते वर्ष बोल्ट शोधण्यातच जातं." हा सल्ला आम्ही पाळला आणि जिथे आळस केला तिथे पस्तावलो.

इंजिन गच्च बसलेलं होतं. चाचांनी चारही बोअरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ते मुरत ठेवायला सांगितलं. धाकटा रोज फजरनंतर जाऊन वाकून बघायचा. बाविसाव्या दिवशी क्रँक बोटभर फिरला, तेव्हा त्याने शेडमध्येच शुक्राने के दोन नफल पढले. हे इंजिन साधं पण चिवट. चार सिलेंडर, सुमारे २२०० सीसी, साठ अश्वशक्ती, व्हॉल्व्ह वर नाहीत तर ब्लॉकमध्येच बाजूला. पिस्टन नवे घातले, बोअर करून घेतले. वायरिंग सगळं नवं केलं. ही गाडी बारा व्होल्टची नाही, सहा व्होल्टची आहे. व्होल्ट निम्मे म्हणजे करंट दुप्पट, त्यामुळे वायर जाड लागते. हे रिवाइंडिंगवाल्या धाकट्याला सांगावं लागलं नाही. इंधनाच्या वाटेवरचं रबर मात्र दोनदा बदलावं लागलं, कारण आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुन्या पद्धतीचं रबर फुगतं आणि चिरतं.

घरातल्या मुलांना सगळ्यात गंमत वाटली ती दिव्यांची. या जीपचे हेडलाइट बिजागरीवर आहेत. पाकळीचा नट सैल केला की दिवा उलटा फिरतो आणि उजेड इंजिनावर पडतो, म्हणजे रात्री रानात गाडी बंद पडली तर दुसरी बॅटरी नको. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली, गादी उचलून भरायची. स्टिअरिंग डावीकडे. काच पुढे बॉनेटवर आडवी पाडता येते. एकेक गोष्ट बघताना मुलं विचारायची, "हे कुणी सुचवलं असेल?"

मोठ्याला शिक्षकी खोड, तो पुस्तकं धुंडाळायचा. त्याला कळलेली एक गोष्ट आमच्या वाचकांनाही आवडेल. आज ज्या कंपनीची जीप आपल्या गावोगावी दिसते, ती १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. महिंद्रा बंधूंबरोबर मलिक गुलाम मुहम्मद हे भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुरुवातीला मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीप जुळवल्या त्या याच कंपनीने.

रंगाचा प्रश्न आला तेव्हा आम्हाला अर्थातच फौजी हिरवा हवा होता. पण आपल्या देशात मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. खाजगी माणसाने तो द्यायचा नाही, गाडी कितीही खरी फौजी असो. मग दादांनी दिला होता तोच निळा द्यायचं ठरलं. डॅशबोर्डच्या आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे जुन्या निळ्याचा हातभर पट्टा शिल्लक होता. त्यावरून रंग जुळवला.

आता मुद्द्यावर येतो.

या सगळ्याला जवळजवळ तीन वर्षं आणि सहा लाख रुपये लागले. पगारातून, दुकानातून, थोडं सोसायटीच्या कर्जातून. घरातल्या दोघी कुरकुरल्या. एकीने स्पष्ट विचारलं, "हा इसराफ नाही का?" आमच्याकडे उत्तर तयार होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, संध्याकाळी दोघं भाऊ एकत्र काम करतो, मुलं मोबाइल सोडून पाना धरतात, बुजुर्गांची निशाणी जपली जाते. यातलं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच आम्ही स्वतःला फसवू शकलो.

आमची मोठी बहीण, आपा, मिरजेला दिलेली. २०२१ साली तिच्या धाकट्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला. आपाने फोन केला. आवाज नेहमीसारखाच, पण थांबून थांबून बोलत होती. "साठ हजार कमी पडतायत. उसने मिळतील का? वर्षभरात फेडते." आम्ही म्हणालो, "आपा, सध्या हात फार तंग आहे." ती म्हणाली, "असू दे रे, मी बघते." त्याच आठवड्यात आम्ही गिअरबॉक्सच्या आणि बॉडीच्या कामाचे पंचावन्न हजार पाठवले. आपाने हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. हे आम्हाला नंतर अम्मीकडून कळलं, तेव्हा वाईट वाटलं, पण तेवढंच.

जानेवारी २०२२मध्ये जीप पहिल्यांदा रस्त्यावर आली. अम्मी पुढे बसली. आपा मुद्दाम मिरजेहून आली होती. लहानपणी याच जीपमधून ती दादांबरोबर पाटणच्या बाजाराला जायची. निळा रंग बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोयनेच्या काठाने चार-पाच किलोमीटर फिरून परत आलो, सगळे खुशीत होते. आपा उतरली, चाकावर हात ठेवून हसत म्हणाली, "यातला माझा हिस्सा कुठला रे? पुढचं चाक की मागचं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण रात्री दोघांनाही झोप लागली नाही. एक उठून ओसरीत आला तर दुसरा आधीच तिथे बसलेला.

हिशोब सरळ होता आणि तो आम्ही कधी केला नव्हता. अब्बांच्या वारशात अम्मी होती, आपा होती, आम्ही दोघं होतो. कुरआनने हिस्से ठरवून दिलेत हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. पण अब्बा गेल्यावर गावच्या रिवाजाप्रमाणे आपाने जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. "भावांचं माहेर राहावं" म्हणून बहिणी सही करतात, आणि भाऊ त्याला बहिणीची खुशी म्हणतात. जीपबद्दल तर कुणी विचारलंही नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांना नाही म्हणताना आम्ही चौघांची वस्तू दोघांची समजून बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या ओळखीच्या एका आलिमांकडे गेलो. त्यांनी कागद घेतला. बायकोचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन तर मुलीचा एक. "चाळीस हिस्से करा," ते म्हणाले. "अम्मीचे पाच, तुमचे चौदा-चौदा, बहिणीचे सात." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दुरुस्तीला हात घालायच्या आधी गाडीला काय भाव आला होता?" आम्ही सांगितलं, चार लाख. त्यांनी गुणाकार करून कागद आमच्याकडे सरकवला. आपाचा वाटा सत्तर हजार.

साठ हजार उसने मागणारी बहीण खरं तर स्वतःच्याच पैशातले साठ हजार मागत होती, आणि तरीही दहा हजार आमच्याकडे उरत होते. आम्ही तो कागद बराच वेळ बघत बसलो.

आलिमसाहेबांनी आम्हाला रागावलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की, किंमत आणि वाटणी तुम्ही दोघांनी घरी बसून ठरवू नका, चौघांनी समोर बसून ठरवा. बहिणीला आधी विचारा, तिला पैसे हवेत की हिस्सा. जो खर्च तिला न विचारता केलात, त्याचा बोजा तिच्यावर टाकू नका.

पुढच्या रविवारी आम्ही मिरजेला गेलो. आपाच्या घरी, दाजींच्या समोर, सगळं सांगितलं. गिअरबॉक्सचे पंचावन्न हजारही सांगितले. ते सांगणं सगळ्यात जड गेलं. आपा गप्प राहिली. मग उठून आत गेली, चहा घेऊन आली, आणि कप देताना म्हणाली, "मला तेव्हा माहीत होतं. धाकट्याच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, नवा गिअरबॉक्स आला म्हणून." तिने एका शब्दानेही पूर्वी बोलून दाखवलं नव्हतं.

जमिनीचं असं ठरलं. अब्बांची दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. त्यातले चौदा गुंठे आपाचे. आम्ही बक्षीसपत्र करून ते तिच्या नावावर केले आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. अम्मीचेही दहा गुंठे वेगळे दाखवले. अब्बांच्या नंतर जी पिकं आम्ही घेतली, त्यांतला खर्च वजा जाता आपाचा जो वाटा निघाला, तो तिला दिला. तिने त्यातून एक बांगडी केली. म्हणाली, "दुसरीचं पुढे बघू."

जीपचा हिस्सा मात्र तिने पैशात घेतला नाही. "माझे सात हिस्से गाडीतच राहू देत. पण यापुढचा जो खर्च येईल, त्यातही सात हिस्से माझे." आम्ही नको म्हणालो, तर म्हणाली, "खर्चात नाव नसेल तर मालकीत कशाला हवं?" आता टायर घेतले, बॅटरी घेतली, की हिशोब आपाला जातो आणि तिचा वाटा दोन दिवसांत येतो. अम्मीही आपल्या पाच हिश्श्यांचे पैसे बटव्यातून मोजून देते आणि पावती मागते.

२०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, मूळ नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. आमची जीप आता वडापला जाणार नाही. मेळाव्याला जाते, वर्षातून दोन-तीनदा मेकॅनिककडे जाते. बाकी ती त्याच शेडमध्ये उभी असते, फक्त कोंबड्यांची सोय दुसरीकडे केली आहे.

असा छंद ज्यांना करायचा असेल त्यांना आमचं सांगणं थोडकं आहे. आधी कागद बघा, मग गाडी. चेसिसचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि आरसी बुक जुळत नसेल तर एक रुपयाही टाकू नका. खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि ती घरातल्यांना उघडी ठेवा. आणि गाडी वारशात आली असेल, तर पाना हातात घेण्याआधी वारस मोजा. ज्या बहिणीने सही करून दिली आहे तिला पुन्हा एकदा, कुणी समोर नसताना, विचारा.

मेळाव्यात लोक विचारतात, "ही कुणाची गाडी?" पूर्वी आम्ही छाती काढून सांगायचो, "आमची." अजूनही "आमची" असंच सांगतो. पण आता त्या 'आमची'मध्ये चौघं असतात. मागच्या खेपेला आपाची फार्मसीवाली मुलगी बरोबर होती. एकाने तिला विचारलं, "बेटा, तुझ्या मामांची का?" ती म्हणाली, "मामांची, नानीची आणि माझ्या अम्मीची." आम्ही काही बोललो नाही. बॉनेट उघडून पाण्याची पातळी बघत राहिलो.

अल्लाह आमच्या दादा-दादींची आणि अब्बांची मगफिरत करो, आणि आमच्या हिशोबात अजून कुणाचं काही राहिलं असेल तर ते हयातीतच आमच्या लक्षात आणून देवो. आमीन.